गोणीतली व्यायामशाळा

धर्मामामा दुकानात आला की राम राम करायच्या आधी काहीतरी उचलतो. उचलतो, डोळे मिटतो आणि वजन सांगतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने दारात मांडलेली दहा-दहा किलोच्या डंबेल्सची जोडी उचलली आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, "शेट, उजवा दहा हाय. डावा नऊ नि वर सातशे. कोणाला फसवतंस?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, कंपनीचा माल आहे हा!"

"मंग कंपनीनं उचलून नसल बघितला."

मीही इरेला पेटलो. डावा डंबेल उचलला आणि शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर नेऊन आपटला. नऊ किलो सातशे दहा! दोन्ही गिऱ्हाइकं 'उद्या येतो' म्हणून गेली. धंद्यात 'उद्या येतो'चा अर्थ काय असतो ते मी तुम्हांला सांगायला नको. त्या दिवसापासून मी या माणसाला माझा दुश्मन मानायचं ठरवलं. पण दुश्मन दर आठवड्याला येऊन बसायला लागला, चहा पिऊ लागला, तर करणार काय?

माझं मुरबाडला खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, कॅरम, शाळेतल्या पोरांचे पीटीचे बूट आणि मुख्य म्हणजे ट्रॉफ्या. भातकापणी झाली की आमच्या तालुक्यात ज्या पाड्यावर बावीस माणसं नाहीत तिथेही क्रिकेटच्या मॅची होतात, त्यामुळे ट्रॉफ्यांना मरण नाही. कोरोनात सगळ्यांना अचानक तब्येत आठवली म्हणून मी व्यायामाचं सामान भरलं. महिनाभर झुंबड उडाली. मग कोरोना गेला, सामान राहिलं. टोकावड्याच्या एका ढाबेवाल्याने माझ्याकडून व्यायामाची सायकल नेली होती, तिच्यावर आता त्याच्या ढाब्याचे टॉवेल वाळत असतात. ते बघून माझा जीव तुटतो, पण विकलेल्या मालावर आपला काय हक्क?

तर धर्मामामा. राहणारा धसईचा. धसईच्या बाजारात तांदूळ मोजायला जो मापाडी असतो, ते काम त्याने जन्मभर केलं. गोणी काट्यावर चढवायची, उतरवायची, आकडा ओरडायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, मामा घरी बसला, पण हातातला काटा काही निघाला नाही. बायका तान्ही पोरं त्याच्या हातात देतात. मामा पोराला बगलेत धरून वर उचलतो आणि सांगतो, "साडेसहा. सुकलंय गो. दूध वाढव जरा." दवाखान्यातल्या नर्सबाईसुद्धा आधी मामाला विचारतात म्हणे. गावात कोंबडीपासून नवीन गॅस सिलिंडरपर्यंत सगळं मामाच्या हातून पास होतं.

एकदा त्याने मला उचललं. हो, मला! मी काउंटरवरून ट्रॉफी काढायला वाकलो होतो, याने मागून कंबरेला विळखा घातला आणि वीतभर वर घेतलं. "शहाऐंशी!" मी घरी ऐंशी सांगत आलो होतो. आणि नेमकी आमची ही डबा घेऊन दारात उभी. त्या दिवसापासून माझी भाकरी एकाने कमी झाली.

हा असा माणूस एके दिवशी काहीही न उचलता स्टुलावर बसला. मला वाटलं आजारी आहे.

"शेट, ताकद वाढवाची हाय," तो म्हणाला. "घरातल्या घरात. पाच वर्षं बसून खाल्लं, पाठ मऊ पडली. काय घेऊ सांग. पण एकच वस्तू."

मी उठून उभाच राहिलो. पाच वर्षांचा पडून राहिलेला माल माझ्या डोळ्यांपुढून गेला. "एकच कशाला मामा? हे बघ, हा बेंच, हा रॉड, या प्लेटा, हे—"

"एकाला एक पुरं."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. मामाचं घर म्हणजे दोन खण आणि एक पडवी. आत एक ताट, एक तांब्या, एक घोंगडी. अंगावर एक शर्ट आणि दोरीवर एक. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "दुसरी वस्तू आली का पयल्या वस्तूचा मान जातो." शहरातले लोक हल्ली पैसे देऊन शिकतात ना, कमी सामानात कसं राहावं ते? त्यांना धसईला पाठवा. मामा फुकट शिकवील.

झालं, निवड सुरू झाली. आणि काय सांगू, मुलगी बघायलासुद्धा लोक इतके हेलपाटे घालत नाहीत!

आधी डंबेल नेले. नऊ सातशेवाला नाही, नवीन जोड. आठ दिवसांनी परत. "ह्याला दांडी हाय."

"दांडी असणारच ना मामा! धरणार कुठे?"

"तेच तर बोलतो. खरी उचलाची वस्तू कुठं दांडी घेऊन येते?"

मग केटलबेल नेली. तिला बघून आधी म्हणाला, "देवळातली घंटा उलटी केलीस काय?" तीही परत आली. "ही लय शानी हाय रे. धरली तशी गप राहते. उचललेली वस्तू कशी, जरा हलली पायजे, जरा लाजली पायजे."

लाजली पाहिजे! वीस वर्षांच्या दुकानदारीत मी एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ही अट ऐकली नव्हती.

मग ताणायचे रबर नेले. ते मामाने गोठ्याच्या मेढीला बांधून ओढले. त्याच मेढीला त्याची म्हैस बांधलेली. हा कोण आपली मेढ ओढतोय म्हणून तिनेही उलट्या बाजूने जोर लावला. "म्हशीचा चांगला व्यायाम झाला," मामाने रबर काउंटरवर ठेवत सांगितलं, "माझा नाय झाला." शेवटी दाराच्या चौकटीत बसवायची लोंबकळायची दांडी दिली. मामा लोंबकळला, आणि चौकट आज्याच्या वेळची, ती दांडीसकट मामाच्या गळ्यात आली. तो ती दांडी पुसूनबिसून, माझ्याच पिशवीत घालून परत घेऊन आला. चौकट मात्र त्याने स्वतः बसवली, त्याबद्दल एक शब्द नाही.

मी दर वेळी शिव्या घालत माल परत घ्यायचो. दुसरं कोणी असतं तर दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण दुपारी तीन ते पाच मुरबाडात कुत्रं फिरत नाही, आणि मामा आला की माझे ते दोन तास बरे जायचे. खोटं कशाला बोलू.

आमच्या हीने मात्र एका मिनिटात निकाल लावला. "लग्न करतोय तो. साठी उलटली की पुरुषांना ताकदीची आठवण होते. वर वस्तू लाजली पाहिजे म्हणतो! अजून काय पुरावा हवा?"

मी मामाला सरळच विचारलं, "काय मामा, लगीनबिगीन काढलंय की काय?"

मामा चक्क लाजला. काळा माणूस, पण कान लाल झालेले मला दिसले. "लगीन तर हाय," एवढं बोलला आणि चहा अर्धा टाकून एसटी पकडायला गेला.

बस, मला तेवढं पुरलं. मी फक्त दोघांना सांगितलं. किराणावाला आणि पलीकडचा सलूनवाला. आता सलूनवाल्याला सांगणं आणि एसटी स्टँडवर लाऊडस्पीकर लावणं एकच, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पंधरा दिवसांत उंबरमाळीकडची दोन म्हातारी माणसं, टोप्याबिप्या घालून, एका विधवा बाईचं स्थळ घेऊन मामाच्या पडवीत हजर! मामाने त्यांना चहा पाजला. घरात कप एकच, त्यामुळे पाळीपाळीने. मग हात जोडून, जसं माझं सामान परत करायचा तसंच ते स्थळ परत केलं. आणि माझ्या दुकानात येणं बंद केलं.

एक आठवडा गेला, दोन गेले. तीन ते पाच मला दुकान खायला उठायला लागलं. शेवटी ही म्हणाली, "तोंड सोडलंत ते सोडलंत, आता जाऊन माफी तरी मागा." ही अर्धी तुझीच करामत, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. वजन उचलताना कमरेला बांधायचा एक चांगला पट्टा घेतला, स्कूटर काढली आणि धसई गाठली.

भर दुपार. पडवीत कोणी नाही. मागच्या खळ्यातून बोलण्याचा आवाज येत होता म्हणून वळसा घालून गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

खळ्यात मामा. अंगात बंडी, घामाने निथळलेला. आणि त्याच्या दोन्ही हातांवर आडवी, पोपटी साडी नेसलेली, भाताची गोण. काठ जरीचा. मामा तिला घेऊन एकेक पाऊल टाकत मागच्या दारापासून तुळशीपर्यंत चालत होता आणि तिच्याशी बोलत होता, "मान खाली घालू नको गो. वर बघ. कोण हसत नाय."

अरे देवा! मला वाटलं, संपलं. माझ्या चहाटळपणाने या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आता याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागणार आणि पाप माझ्या माथ्यावर.

"मामा!" मी ओरडलो.

मामाने गोण हळूच ओट्यावर ठेवली, पदर नीट केला, खरंच सांगतो, पदर नीट केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आलंस? बस. आता सगळ्या तालुक्याला हे पण सांग."

मग त्याने सगळं सांगितलं. मामाची एकुलती एक बहीण शहापूरला असते. ती आणि नवरा दोघेही कंपनीत, पाळीची नोकरी, त्यामुळे त्यांची मुलगी रोहिणी लहानपणापासून दहावीपर्यंत धसईला, मामाकडेच वाढली. मग कॉलेजसाठी आईबापाकडे गेली, आता कॉलेजातच शिकवते. आता तिचं लग्न ठरलं होतं. आणि त्यांच्या घराण्याची रीत अशी, की नवरीने मांडवात पाऊल टाकायचं नाही. मामाने तिला दोन्ही हातांवर उचलून दारापासून बोहल्यापर्यंत न्यायचं. पाय जमिनीला लागता कामा नये.

"पोर अंगानं भरलेली हाय," मामा म्हणाला. "पयल्यापासून. साखरपुड्याला नवऱ्याकडचा एक पावना बोलला, मामाला क्रेन बोलवाला लागल. सगली हसली. ती बी हसली. पण जेवली नाय रे. मी ताट बघितला ना तिचा. भात तसाच."

तेव्हापासून पोरगी अर्ध्या भाकरीवर आली होती. एकदा तर कॉलेजातून शिकवून घरी येताना स्टँडवर चक्कर येऊन पडली. आणि मामाला फोन करून म्हणाली, मी चालतच येईन, तू उचलू नकोस, हल्ली सगळे व्हिडिओ काढतात.

"मी तिला बोललो, तू जेव. उचलाचा काम माझा हाय, तुझा नाय."

डंबेलची दांडी, शहाणी केटलबेल, सगळा उलगडा झाला. माणसाला दांडी नसते. माणूस धरला तसा गप राहत नाही. मामाने आधी गोणीत वाळू भरून बघितली होती. "वाळू मेलेली वस्तू. माणूस मधी वाकतो." मग वाळू काढून भात भरलं, तेही गच्च नाही, थोडं सैल. "भात आतल्या आत सरकतो. ती ल्हान असताना उचलली का खुदखुदाची, तेव्हा अशीच हलाची." आणि साडी कशाला, तर गोणपाट हाताला धरतं, शालू निसटतो. ऐन वेळी निसटला तर? म्हणून बहिणीची जुनी नायलॉनची साडी मागून आणली होती. बहिणीने कशाला विचारलं, तर याने सांगितलं, बुजगावण्याला.

"किती भरली आहेस गोण?" मी विचारलं.

जो माणूस माझं वजन माझ्या बायकोसमोर ओरडून सांगतो, त्याने नुसता गोणीवर हात ठेवला. मग म्हणाला, "ते नाय सांगाचा. ते तिचा हाय."

मी पट्टा पुढे केला. त्याने उलटसुलट करून बघितला. मी वाटच बघत होतो, आता 'एकाला एक पुरं' ऐकावं लागणार. पण म्हणाला, "ही वस्तू नाय, हा कपडा झाला. राहू दे."

त्यानंतर दर रविवारी मी धसईला. तुम्हांला म्हणून सांगतो, माझ्या दुकानातला एकही डंबेल मी स्वतः कधी चार वेळाच्या वर उचललेला नाही. पण मोबाइलवर वाचून मी मामाचा उस्ताद झालो. "पाठ सरळ! गुडघ्यातून बस! श्वास सोड!" मामा म्हणायचा, "तू आधी तुझा पोट आत घे." दर आठवड्याला गोणीत दोन ओंजळी भात वाढवायचं. एका रविवारी मात्र भात घातलं, आणि मामा गोण घेऊन उठलाच नाही. गुडघ्यावर अर्धा आला आणि बसला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बसला. लग्नाला राहिला होता महिना.

"दोन ओंजळी काढूया," मी म्हटलं.

"कमी नाय कराचा," मामा कधी नव्हे तो माझ्यावर ओरडला. "तिनं तेच केलं, नि पडली ना स्टँडवर? मी पण तेच करू?"

पुढचे आठ दिवस तो रोज त्या गोणीशी झगडला असणार. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा गोण घेऊन तुळशीला दोन फेऱ्या घातल्या आणि मला म्हणाला, "आता चहा ठेव."

लग्न शहापूरला, हॉलमध्ये. आम्ही दोघं नवरा-बायको वऱ्हाडात. नवरीच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत मी सकाळीच पावलं मोजून आलो होतो. खळ्यापेक्षा सहा जास्त.

मुहूर्ताची वेळ झाली आणि दारात गर्दी जमली. सगळ्यांच्या हातात मोबाइल, सगळे वर केलेले. तो क्रेनवाला पाहुणाही पुढेच, पान खात. खोलीचं दार उघडलं. रोहिणी अंजिरी शालूत उभी होती, आणि सांगतो, इतकी देखणी नवरी मी त्या वर्षात दुसरी पाहिली नाही. पण तोंड उतरलेलं. तिने ते मोबाइल बघितले आणि मागे सरली. "मामा, नको. मी चालते. प्लीज."

मामा नव्या शर्टाच्या आत माझा पट्टा बांधून उभा होता. तो तिच्याजवळ गेला आणि हळू बोलला, पण मी शेजारीच होतो म्हणून ऐकलं. "चार महिने तुझ्या नावानं गोण उचलली गो. गोण एकदा पण 'नाय' बोलली नाय. नि तू बोलतंस?"

पोरगी फसकन हसली. डोळ्यांतलं काजळ सांभाळत हसली आणि मामाच्या गळ्यात हात टाकले.

पाठ सरळ, गुडघ्यातून, श्वास सोडून. मामा उठला! एक पाऊल, दुसरं, तिसरं. मी तोंडातल्या तोंडात मोजत होतो आणि आमच्या हीने माझं मनगट इतकं दाबलं होतं की नंतर वळ उठला. अर्ध्या वाटेवर आला आणि तो व्हिडिओवाला, ज्याला मी आजही माफ केलेलं नाही, आडवा आला. "मामा, थांबा थांबा! फोकस गेला. परत दारापासून घ्या ना, एकदाच!"

मी त्याच्या कानफटात देणारच होतो. रोहिणी घाबरून म्हणाली, "मामा, खाली ठेव."

मामाने घाम टपकत्या तोंडाने व्हिडिओवाल्याकडे बघितलं. "परत? चल."

आणि तिला खाली न ठेवता, तसाच वळला. दारापर्यंत गेला, पुन्हा वळला आणि पुन्हा निघाला. आता मात्र हॉल उठला! शिट्ट्या, टाळ्या, हलगीवाल्याने हलगी धरली. तो क्रेनवाला पाहुणा सगळ्यांत जोरात ओरडत होता, "वा रे मामा!" काही माणसांना लाज नसते, चालायचंच. आणि रोहिणी मान वर करून, सगळ्या मोबाइलांकडे बघून, दात दाखवून हसत होती. तो व्हिडिओ मी निदान पन्नास वेळा पाहिलाय. बोहल्यापाशी मामाने तिला अलगद पाटावर उभं केलं आणि ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो.

मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आली आणि लाऊडस्पीकरवर हाक झाली, "मुलीचे मामा जिथे असतील तिथून त्यांनी बोहल्यावर यावे." मुलीचे मामा नव्हतेच. म्हटलं, पाठ गेली याची, कुठेतरी आडवा पडला असेल. धावत मागे गेलो.

स्वयंपाकाच्या शेडच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीला टेकून मामा बसला होता. दोन्ही हात मांडीवर उताणे.

"कंबर धरली काय रे मामा?" मी त्याच्याजवळ बसलो. "दाखव, पट्टा सैल करतो. अरे, जिंकलास तू! सगळा हॉल बघत होता!"

त्याने मान हलवली. "कंबर बरी हाय." आणि मग लहान पोरासारखं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आपण उचलाची तयारी केली रे शेट," तो म्हणाला. "चार महिने केली. खाली ठेवाची केलीच नाय."

लाऊडस्पीकरवर पुन्हा मामांची हाक आली. धर्मामामाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, उठला आणि बोहल्याकडे चालू लागला. मी मागून बघत होतो. हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.